आंबियाच्या सौद्याआधी सगळे एका ओट्यावर बसा

भादवा सरत आला की वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे आंबियाचे, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तोडणीला येणाऱ्या संत्र्याच्या बहाराचे, सौदे सुरू होतात. व्यापारी बगीच्यातून एक फेरी मारतो, सगळ्या बगीच्याचा मिळून एकच उक्ता भाव सांगतो, इसार देतो. पुढे ते संत्रं कोणत्या गाडीत चढलं, किती सडलं, ते आपल्याला कळत नाही. देशातल्या बाजारात हे आजवर चालून गेलं. यंदा माल परदेशी पाठवायचा असेल, तर सौद्याआधी एक बैठक घ्या. बागायतदार, शेतकरी उत्पादक कंपनीचा माणूस, निर्यातदार आणि माल निवडून खोकी भरणारा पॅकहाउसवाला तर हवेतच, गाडीवाल्यालाही बोलवा. माझ्या मते त्याला बोलावणं सगळ्यात गरजेचं आहे, आणि त्यालाच आपण कधी बोलवत नाही.

बांगलादेश हे आपलं मोठं गिऱ्हाईक. 2019 नंतर तिथलं आयात शुल्क वाढत गेलं आणि त्याचा फटका इथल्या बगीच्यात बसला. म्हणून बैठकीतला पहिला प्रश्न हा, की एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती? आखाती देशांचं नाव निघेल. तिथे आपल्या फळाची गाठ कमी बियांच्या, एकसारख्या आकाराच्या संत्र्यांशी आहे. आपल्या चवीला तोड नाही, पण ढिल्या सालीचं हे फळ दाबलं की बसतं. ते ध्यानात ठेवूनच पुढचं सगळं ठरवायचं.

पहिलं काम फवारणीच्या वहीचं, आणि ते आजच करा. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, हे प्रत्येकाने लिहायचं. माल ज्या देशात जाणार, तिथे चालणाऱ्या औषधांची यादी निर्यातदाराकडून आत्ताच मागून घ्या. फळगळीसाठी किंवा फळातला रस शोषणाऱ्या पतंगासाठी फवारणीचा शेवटचा हात मारण्याआधी ती यादी हातात असली पाहिजे. एका कंटेनरमध्ये दहा-पंधरा जणांचं संत्रं जातं. त्यातल्या एकाच्या फळात औषधाचा अंश जास्त निघाला, तर सगळा कंटेनर अडकतो. शेजाऱ्याची वही बघायला मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या सिट्रसनेट या ऑनलाइन नोंदवहीत बगीच्याची नोंदणी करायची असेल, तर तालुका कृषी कार्यालयात सातबारा घेऊन जा. तोडा तोंडावर आल्यावर धावपळ करून हे काम होत नाही.

आता तोडणी. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संत्रं झाडावरून उतरल्यावर आंब्यासारखं पिकत नाही. जेवढी गोडी झाडावर आली, तेवढीच राहते. रात्री गार पडू लागल्या की सालीला रंग चढतो. ऑक्टोबरात साल हिरवी असली तरी आत गोडी भरलेली असू शकते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, फळं कापून, रस तपासून ठरवा. दव असताना तोडू नका. पहाटे साल पाण्याने तट्ट असते, जरा दाब पडला की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे तपकिरी डाग दिसतो. फळ ओढून तोडलं तर देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच हिरवी-निळी बुरशी शिरते. कात्रीने आधी देठासकट कापा, मग देठ सालीलगत छाटा, नाहीतर तोच देठ कॅरेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. मजुरी थोडी जास्त लागेल. ती कोणी भरायची, हेही बैठकीतच ठरवा.

एका वर्षी आमच्या गटाचा माल तोडणीनंतर वाटेतच वाया गेला. फळ उत्तम होतं, पण गाडी दुपारभर उन्हात ताडपत्रीखाली उभी राहिली. पॅकहाउसवाला म्हणाला फळच गरम आलं, गाडीवाला म्हणाला मला थांबायला सांगितलं, निर्यातदाराने पैशात कटती लावली आणि भरलं आम्ही. कागदावर कोणाचीच वेळ लिहिलेली नव्हती. तेव्हापासून मी एक पावती धरली आहे. तोडा किती वाजता संपला, गाडी किती वाजता सुटली, पॅकहाउसला किती वाजता पोचली, प्रत्येक ठिकाणी सही. संत्र्याला साधारण 5 ते 7 अंशांची थंडी आणि भरपूर ओलावा लागतो. वॅक्सिंग म्हणजे सालीला मेण लावणं, प्रतवारी, खोकी भरणं, हे सगळं त्या थंडीत जाण्याआधी उरकायचं असतं. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवायला सांगा आणि त्याची नोंद कंपनीलाही मिळेल, हे करारात लिहून घ्या. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला आहे, नागपूरहून मुंबईकडे 701 किलोमीटर. पण पॅकहाउसच्या दारात गाडी सहा तास ताटकळत राहिली, तर रस्त्यावर वाचलेला वेळ तिथेच गेला.

पैशाचं बोलायला लाजू नका. भाव नगावर की किलोवर, बगीच्यात मोजायचा की पॅकहाउसच्या काट्यावर, पैसे किती दिवसांत येणार, तिकडे माल नाकारला तर फोटोसह किती दिवसांत कळवायचं आणि तोटा कोणत्या प्रमाणात वाटायचा, हे सगळं मराठीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. राहिली ती चुरी, म्हणजे बारीक फळं, आणि डागी फळं. निर्यातीला थोडंच फळ निवडलं जातं, बाकीचं कोण उचलणार आणि काय भावाने, हे त्याच कागदावर आलं पाहिजे. नाहीतर चांगलं चांगलं वेचून निर्यातदार निघून जातो आणि उरलेल्या मालाला नागपूरच्या कळमना बाजारात कोणी विचारत नाही.