रोड बाइक घरच्या घरी अंगमापाला बसवा

खेड्यात सायकलची सीट लावायची जुनी रीत आहे: सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले की सीट बरोबर. दळण आणायला किंवा वावरात जायला काळ्या सायकलवर ती चालते, कारण अंतर थोडे आणि मागे ओझे. रोड बाइकवर मात्र हीच रीत गुडघ्यांचे वाटोळे करते. वर्ध्याकडच्या सपाट, सरळ रस्त्यावर दोन तास पायडल मारताना मिनिटाला 80 फेरे धरले तरी प्रत्येक गुडघा 9,600 वेळा वाकतो. दर वेळी तो गरजेपेक्षा जास्त वाकला तर दुखणारच. रोड बाइकच्या सीटवर बसल्यावर सायकल थोडी कलवून एका पायाची बोटे कशीबशी टेकतात, आणि तेच बरोबर. थांबायचे तर सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे.

शहरातल्या फिटिंग स्टुडिओत जाणे जमले तर चांगलेच, पण मुख्य मापे घरी निघतात. गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ मागून आणा. मेझर टेप, पेन्सिल, जाड रजिस्टर, 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की, थोडे ग्रीस, इन्सुलेशन टेप आणि एक मदतनीस एवढे पुरते. काम फरशीच्या खोलीत करा. अंगणाला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. फरशीवरही आधी पाणसळ ठेवून बघा.

सायकल अजून घ्यायची असेल, विशेषतः जुनी घेणार असाल, तर फ्रेमचे माप सगळ्यात आधी बघा. मोठी फ्रेम स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. सीट खाली करता येते, पण फ्रेमची लांबी कमी होत नाही. आडव्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर नळी आणि जांघ यांत 2-3 सेंटिमीटर मोकळे हवे. नळी मागे उतरती असेल तर हे माप फसवते. तिथे हँडलपर्यंतचा पल्लाच बघावा लागतो.

आता सीटची उंची. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पावलांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवा. रजिस्टर उभे धरून त्याचा कणा जांघेत घट्ट वर दाबा, सीटवर बसल्यावर दाब येतो तितका. मदतनिसाने रजिस्टरच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतचे माप 0.883 ने गुणा. माप 78 सेंटिमीटर असेल तर उत्तर 68.9 येते. क्रँक (पायडल ज्याला लावलेले असते तो दांडा) ज्या मधल्या एक्सलभोवती फिरते तिच्या केंद्रापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीला धरून, हे अंतर ठेवा.

हा आकडा सुरुवातीचा आहे, शेवटचा नव्हे. बुटाचा तळ, पायडलची जाडी, क्रँकची लांबी यांनी तो काही मिलिमीटर इकडेतिकडे होतो. म्हणून पडताळा: सायकल भिंतीला टेकवा, मदतनिसाला धरायला सांगा, नेहमीचे बूट घालून बसा आणि टाचा पायडलवर ठेवून उलटे पायडल मारा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा चवडा पायडलच्या एक्सलवर आणला की गुडघ्याला 25 ते 35 अंशांचा बाक येतो. मदतनिसाने मागून कंबर पाहावी. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट उंच आहे; 3 मिलिमीटरने खाली घ्या. माप चपलेवर घेऊन बुटावर सायकल चालवू नका, तळाच्या जाडीचा फरक थेट गुडघ्यात जातो.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, फ्रेममध्ये कमीत कमी किती भाग आत राहायला हवा याची रेघ असते. ती बाहेर दिसू लागली तर तो पोस्ट आखूड आहे. लांब घ्या, नाहीतर फ्रेम तडकते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियम फ्रेममध्ये धातूच्या पोस्टला ग्रीस लावा. कार्बनला ग्रीस नको, त्याची खरखरीत पेस्ट मिळते.

सीटचा कल पाणसळीने सरळ ठेवा. सीटचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर गेले की जांघेत मुंग्या येतात. फार खाली गेले की शरीर पुढे घसरते आणि हातांवर भार पडतो. एखाद अंश खाली चालते.

पुढे-मागे बसवायला ओळंबा कामाला येतो. क्रँक जमिनीला समांतर करा, पाऊल नेहमीच्या जागी, आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दोरी धरा. ओळंबा पायडलच्या एक्सलवर किंवा सेंटिमीटरभर मागे पडावा. हा काही निसर्गनियम नाही, पण सुरुवातीला याहून सोपी खूण नाही. सीट पुढे सरकवली की ती पायडलच्या जवळ येते, म्हणजे उंची कमी झाल्यासारखीच. सेंटिमीटरभर पुढे नेली तर साधारण 3 मिलिमीटर वर करा, आणि उंची पुन्हा मोजा.

हँडल शेवटी. बहुतेक लोक इथून सुरू करतात आणि हँडल लांब वाटले की सीट पुढे ओढतात. तसे केले की हाताचे दुखणे गुडघ्यात जाते. पल्ला स्टेमने, म्हणजे हँडल फोर्कच्या नळीला जोडणाऱ्या तुकड्याने, बदलायचा. स्टेम साधारण 80 ते 120 मिलिमीटरपर्यंत मिळतो. हात ब्रेकच्या रबरी हूडवर ठेवल्यावर कोपर थोडे वाकलेले आणि खांदे सैल हवेत. खांदे कानाकडे चढत असतील तर पल्ला जास्त आहे. सायकलवर बसल्यावर हँडलआड पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, लपला पाहिजे असे सांगतात. तो नियम सोडून द्या, तो फ्रेमच्या ठेवणीवर बदलतो. लांबच्या प्रवासासाठी हँडल सीटच्या पातळीत किंवा 2-3 सेंटिमीटर खाली असू द्या. रुंदी खांद्यांच्या हाडांइतकी घ्या, दुकानात ती 40, 42, 44 सेंटिमीटर अशी मिळते.

हँडल वर घ्यायचे तर स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, वरची टोपी काढा, स्टेम काढून त्याच्यावरचे स्पेसर (नळीवरच्या कड्या) स्टेमच्या खाली घाला. स्टेम उलटा करूनही उंची मिळते. परत लावताना आधी टोपीचा बोल्ट, मग बाजूचे. हा क्रम चुकला की हेडसेट, म्हणजे फोर्क फिरतो ते बेअरिंग, सैल राहतो. टोपी फक्त खेळ जाईपर्यंत आवळा. फोर्कच्या नळीचे टोक स्टेमच्या किंवा त्यावरच्या स्पेसरच्या वरच्या कडेपेक्षा 2-3 मिलिमीटर आत हवे, नाहीतर टोपी नळीवर बसते आणि कितीही आवळली तरी खेळ जात नाही. तपासणी सोपी आहे: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट आली तर सैल, हँडल जड फिरले तर टोपी जास्त आवळली. बाजूचे बोल्ट आलटून पालटून, स्टेमवर छापलेल्या न्यूटन-मीटरइतके आवळा. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर 5 न्यूटन-मीटर म्हणजे 10 सेंटिमीटर लांब किल्लीच्या टोकावर साधारण 5 किलोचा जोर. दुकानातला मिस्त्री लांब पाना लावू लागला तर थांबवा. कार्बनचा भाग चिरडतो आणि चीर बाहेरून दिसत नाही.

एका वेळी एकच बदल, 3 ते 5 मिलिमीटरचा, आणि मग दोन-तीन फेऱ्या. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली किंवा फार पुढे आहे. मागून दुखला तर वर किंवा फार मागे. करंगळी बधिर होत असेल तर हातांवर भार जास्त आहे. आधी सीटचे नाक बघा, मग पल्ला. मान आखडली तर हँडल वर घ्या. ही पारख सपाट रस्त्यावर करा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना माणूस सीटवर आपोआप मागे सरकतो. तेवढ्यावरून माप बदलू नका.

टायरची हवाही फिटिंगचाच भाग समजा. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून डांबरही लाटांसारखे होते. अशा रस्त्यावर 100 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरून मनगटे दुखू लागली आणि हँडल बदलले, असे नको. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या 28 मिलिमीटर टायरमध्ये 65 ते 75 पीएसआय पुरते, पुढच्या चाकात थोडी कमी. टायरवर छापलेली मर्यादा मात्र पाळा. व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) असेल तर गावच्या पंपासाठी पितळी ॲडॅप्टर जवळ ठेवा.

माप जमले की सीटपोस्टवर फ्रेमलगत टेपचा वेढा द्या आणि उंची, ओळंब्याचे अंतर, सीटपासून हँडलपर्यंतचा पल्ला रजिस्टरात लिहा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. घामाचे मीठ आणि पावसाचे पाणी सीटपोस्टलगत आत उतरून तो फ्रेममध्ये कायमचा अडकतो, म्हणून उन्हाळा संपताना आणि पावसाळ्यानंतर तो बाहेर काढून पुसा, ग्रीस किंवा पेस्ट पुन्हा लावा आणि टेपच्या खुणेवर परत बसवा.