सामानासाठी पहिल्यांदाच स्टोरेज युनिट घेताय? सांगलीत या चुका टाळा

गावभागातलं आमचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा पाच महिन्यांसाठी सामान बाहेर, भाड्यानं मिळणाऱ्या बंद खोलीत म्हणजे स्टोरेज युनिटमध्ये ठेवायचं ठरलं. मी भाडं विचारलं, शटर वर-खाली करून पाहिलं, टेम्पो दारापर्यंत येतोय ना याची खात्री केली आणि अ‍ॅडव्हान्स दिला. छताकडे मान वर करून पाहिलं नाही, करार घरी आणून वाचला नाही. पाच महिन्यांनी कापसाच्या दोन गाद्या टाकून द्याव्या लागल्या, आजीच्या लाकडी पेटीचा तळ वाळवीनं खाल्ला होता आणि एका महिन्याचं भाडं जास्तीचं गेलं. तेव्हापासून ओळखीत कुणी युनिट घेतंय असं कळलं की मी आपणहून सोबत जाते.

पाण्याचा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारणं

आपल्याकडची सर्वांत महागडी चूक जागा निवडतानाच होते. घराजवळ आहे, भाडं कमी आहे, म्हणून नदीकडच्या बाजूचा तळमजला घेतला जातो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ मध्येही ते शहरात शिरलंच.

जागा दाखवणाऱ्याला "इथं पाणी येतं का?" असं विचारलं की "छे, कधीच नाही" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा, आणि तेच शेजारच्या चहावाल्याला, गिरणीवाल्यालाही विचारा. शटर नीट पाहा. खालच्या पट्ट्या एका ठरावीक उंचीपर्यंतच गंजलेल्या असतील किंवा भिंतीचा गिलावा तेवढ्याच उंचीपर्यंत नवा असेल, तर काय झालं होतं ते समजतं. विश्रामबाग, कुपवाडकडची जमीन गावभागापेक्षा उंच आहे, पण तिथेही ओढ्या-नाल्याला लागून असलेली जागा नको. शक्य असेल तर पहिला मजला घ्या. हमालीचे थोडे पैसे जास्त जातील, ते जाऊ द्यावेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. युनिट कोरडं राहिलं तरी पुरात रस्ते बंद होतात. घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले, सोनं, रोजची औषधं युनिटमध्ये ठेवूच नयेत. हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुराचं पाणी त्यांतही उतरलं आणि साठवलेली हळद गेली. साठवणुकीत पिढ्या घालवलेल्यांना पाणी सोडत नाही, तिथे आपण तरी सावध राहायलाच हवं.

प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळणं

माझ्या गाद्या पुरात नाही गेल्या, त्या मीच घालवल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्या प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या. गादीत आधीच मुरलेला दमटपणा आत कोंडला गेला आणि आतून काळी बुरशी चढली. गाद्या, रजया, लोकरीचे कपडे आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत, मग जुन्या सुती चादरीत किंवा लुगड्यात बांधावेत. वरून धूळ नको असेल तर प्लॅस्टिक नुसतं टाकावं, चारी बाजूंनी बंद करू नये.

सामान थेट फरशीवर ठेवू नका. खाली लाकडी पॅलेट घाला, न मिळाल्यास विटांवर फळ्या टाका. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. वर पत्रा असेल तर रात्री तो गार पडतो आणि आतली वाफ थेंब होऊन खाली गळते. पत्र्याला भोक नसतानाही सामान भिजतं ते यामुळे. त्यामुळे छतापर्यंत रास रचू नये. पुस्तकांत वेखंड, कपड्यांत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डांबराच्या गोळ्या चालतात, पण त्या कापडी पुरचुंडीत ठेवा, प्लॅस्टिकला लागल्या तर प्लॅस्टिक मऊ पडून चिकटतं. ओल शोषणारे डबे ठेवलेत तर दर महिन्याला जाऊन त्यांतलं पाणी ओतून टाका. भरलेला डबा कलंडला की तेच पाणी सामानावर जातं.

कुबट वास येऊ लागला तर आधी ओल कुठून येते ते शोधा. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब खालच्या बाजूला असतील तर ओल जमिनीतून येते, वरच्या बाजूला असतील तर हवेतून. जमिनीतून येत असेल तर डब्यांनी भागत नाही, युनिट बदलून मागा. भिंतीवरून मातीची बारीक वाकडी नळी चढताना दिसली तर ती वाळवी. ती हातानं पुसून समाधान मानू नका, त्याच दिवशी मालकाला कळवा आणि लाकडी सामान तिथून हलवा.

न मोजता जागा घेणं

साधं लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल असतं, म्हणजे साधारण ३० घनफूट. प्रत्येक मोठी वस्तू अशी टेपनं मोजा, बेरीज करा आणि मधून जायला दोन फुटांची वाट धरा. वाट सोडली नाही की सर्वांत मागच्या खोक्यासाठी अख्खं युनिट उपसावं लागतं. खोक्यांना नंबर द्या, यादी वहीत लिहा, शटर ओढण्याआधी फोटो काढा.

फ्रिज आतून कोरडा पुसून दार किंचित उघडं ठेवा, दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी अडकवा. वॉशिंग मशीनच्या नळीतलं पाणी पूर्ण काढा. इन्व्हर्टरची बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर निकामी होते, ती कुणाला तरी वापरायला द्या. गॅस सिलिंडर, रॉकेल, थिनर, पेट्रोल भरलेली गाडी अजिबात नको. धान्याचा एक डबा राहिला तरी उंदीर वाट शोधतात.

तंबोरे बनवणारं मिरज जवळ असल्यानं आपल्या घरांत तंबोरा असण्याची शक्यता जास्त. त्याच्या तारा सैल करा, भोपळ्यावर काहीही टेकू देऊ नका, पत्र्याच्या शेडमध्ये तर ठेवूच नका. उन्हाळ्यातल्या तापलेल्या शेडमध्ये सांधे सुटतात. तो नातेवाइकांकडेच बरा.

करार न वाचता सही

मी युनिट सोडणार असल्याचं फोनवर सांगितलं होतं. करारात मात्र एक महिना आधी लेखी सूचना द्यायची, असं छापलेलं होतं. माझं जास्तीचं भाडं गेलं ते त्या एका ओळीमुळे. सूचनेची मुदत, भाडेवाढ, डिपॉझिट किती दिवसांत परत, भाडं थकलं तर मालक स्वतःचं कुलूप कधी घालणार, आत जायच्या वेळा, एवढं वाचल्याशिवाय सही नको. मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे लागतात, तेही आधीच विचारा. स्वतंत्र गाळाच लिव्ह अँड लायसन्सवर घेत असाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

मालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा असेल असं धरून चालू नका. घराच्या विम्यात घराचा पत्ता असतो, तिथून सामान हललं की ते संरक्षणही सुटतं. विमा कंपनीला नवा पत्ता लेखी कळवा, पुराचं नुकसान धरलंय का ते विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. सामानाची यादी आणि फोटो इथेही लागतात. कुलूप स्वतःचं, चांगलं जाड घ्या आणि दुसरी किल्ली घरच्या माणसाकडे ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी जरूर मारा. पॅलेटखाली हात घालून ओल लागते का पाहा, पत्र्याच्या सांध्यांकडे बॅटरी मारा, सर्वांत खालची खोकी वर घ्या. आयर्विनला पाणी चढू लागलं की टेम्पोवाले आणि हमाल दोघंही मिळत नाहीत.