पहिल्या सभेला जाताना

कोल्हापुरात उद्यमनगरात मी लेथवर काम करतो. अकरा वर्षांपूर्वी सकाळी हात इतके थरथरायचे की क्वार्टर पोटात गेल्याशिवाय जॉब बांधता यायचा नाही. दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा पत्ता खिशात होता, पण तीन बुधवार शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. आज त्या फाटकाबाहेर कुणी उभं असेल, तर हे त्याच्यासाठी.

सगळ्यात आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात दारू तोडली तर घाम, कंप, उलट्या सुरू होतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. मला दुसऱ्या रात्री भिंतीभर मुंग्या दिसत होत्या. म्हणून सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा आणि किती पिता ते खरं सांगा. औषधांनी हे दिवस निभावतात. हे काम गटाचं नाही.

गट शोधायचा कसा? केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, 14446. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपण सगळे ज्याला एए म्हणतो, त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या सभा मिळतात. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, 1986 पासूनचं. तिथे उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याचे गट चालतात. पत्ता मिळाला तरी निघण्याआधी फोन करून खात्री करा. सभा बहुतेक शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा आल्या, निवडणूक आली की जागा बदलते. बंद दार बघून परतलेला माणूस वाटेतल्या बारमध्ये शिरतो, हे मी दोनदा पाहिलंय.

गावात कुणी बघेल याची भीती असेल तर शेजारच्या शहरातला गट धरा. आमच्याकडे एक दादा इचलकरंजीहून एसटीने येतात. फोनवर ‘खुली सभा की बंद?’ एवढं विचारून घ्या. खुल्या सभेला बायको, भाऊ, कुणीही सोबत चालतं. बंद सभा फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांची.

आत गेल्यावर काय होतं, हे आधी माहीत असतं तर माझे ते तीन बुधवार वाया गेले नसते. वही नाही, सही नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. मी गेलो तेव्हा चौथीच्या वर्गात लहान बाकांवर तेरा माणसं गुडघे दुमडून बसली होती आणि फळ्यावर पोरांची पाढ्यांची ओळ तशीच होती. एकेक जण उठून म्हणायचा, ‘मी एक मद्यपाशी,’ आणि आपली गोष्ट सांगायचा. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. माझी पाळी आली तेव्हा ‘आज फक्त ऐकतो’ म्हणालो. सगळे ‘बरं’ म्हणाले. थोड्या वेळाने पिशवी फिरते. नव्या माणसाने त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. शेवटी प्रार्थना होते. देव मानत नसाल तर गप्प उभे राहा, कुणी जाब विचारत नाही. पिऊन आलेल्यालाही आमचा गट हाकलत नाही, फक्त त्या दिवशी बोलू नको म्हणतो.

सभा संपली की लगेच सटकू नका. खरं काम नंतरच्या चहाला होतं. किमान तीन जणांचे नंबर घ्या आणि त्याच रात्री एकाला फोन करा, नुसता ‘घरी पोचलो’ म्हणायला. म्हणजे तल्लफ येईल तेव्हा फोन लावायला जीभ जड होत नाही. एएची सुरुवातच अशा फोनातून झाली. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सुटून काही महिनेच झाले होते, धंद्याचं काम फसलं होतं आणि बारमधले आवाज कानावर येत होते. त्याने बोलायला दुसरा दारुडा मिळावा म्हणून फोन लावायला घेतले. त्यातून डॉक्टर बॉब भेटले. त्यांचा शेवटचा पेला 10 जूनचा, आणि तोच एएचा जन्मदिवस मानतात.

एका सभेवरून निकाल लावू नका. मला पहिला गट पटला नाही. सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे होते. दुसऱ्या गटात जमलं. पहिले तीन महिने शक्य तितक्या सभा धरा. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, 31 डिसेंबर, हे दिवस आधीच कुणाशी तरी बोलून ठरवा. गटारीच्या संध्याकाळी आमचा गट मुद्दाम सभा ठेवतो. रात्री अकरापर्यंत बसतो.

वहिनी, ताई, तुम्ही हे वाचत असाल तर त्यांची वाट बघत थांबू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, 1951 पासून. नवरा पीत असला तरी तुम्हाला तिथे जाता येतं. माझी बायको माझ्या सात महिने आधी गेली होती. तिने माझ्या बाटल्या लपवणं आणि वर्कशॉपला ‘ताप आलाय’ सांगणं बंद केलं, तेव्हा मी चौथ्यांदा त्या फाटकाशी गेलो. त्या बुधवारी आत गेलो.

आणि मधे कधी पिणं झालंच, तर पुढची सभा चुकवू नका. मला चौदाव्या महिन्यात झालं होतं. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो. शेजारच्या अण्णांनी काही विचारलं नाही, फक्त चहाचा कप माझ्याकडे सरकवला.