ठाणे-नवी मुंबईत गव्हाशिवाय बाहेर जेवायचं कसं?

सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न चालण्याचा आजार, असलेल्याला "इडली-डोसा खा, त्यात गहू नसतो" असा सल्ला जो तो देतो. तो अर्धवट आहे, आणि या आजारात चिमूटभर मैदाही लहान आतड्याला इजा करतो. मुलीला सीलिअ‍ॅक असल्याने ठाणे, वाशी, नेरुळ इथे जेवायला गेलो की मी पुढीलप्रमाणे करतो.

चायनीज आणि पंजाबी हॉटेलं आधीच वगळा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, ग्रेव्ही घट्ट करायला मैदा वापरतात. भाकरी करणारी आगरी-कोळी किंवा मालवणी खानावळ शोधा, नाहीतर उडुपी. निघण्याआधी फोन करा, दुपारी तीन-चारच्या सुमारास. तेव्हा मालकाला बोलायला फुरसत असते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे विचारणं. मलाही ते जमायला वेळ लागला. वेटरला "ग्लूटेन चालत नाही" सांगितलं की तो "काही टेन्शन नाही" म्हणतो आणि जातो. त्यावर विसंबून जेवू नका. मालकाला किंवा भाकऱ्या करणाऱ्या मावशींना गाठा आणि हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं विचारा: "मावशी, सुरमई कशात घोळवता? भाकरीच्या तव्यावर आणखी काय भाजता?" बऱ्याच ठिकाणी सुरमईला रवा लावतात. तांदळाचं पीठ लावून, धुतलेल्या तव्यावर करून मागा. भाकरी थापताना परातीत डोकावून बघा: तांदळाचं पीठ पांढरंशुभ्र दिसतं, कणीक तांबूस. चपाती आणि भाकरी एकाच परातीत, एकाच तव्यावर होत असतील तर भाकरी खाऊ नका, भात मागा. कोंबडी-वड्यांच्या पिठातही अनेकदा गहू असतो.

मग हिंग. याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तो वरणाच्या फोडणीत आणि सांबारातही जातो. म्हणून उडुपीत इडली घ्या, सोबत फोडणी न घातलेली चटणी, सांबार नको. साधा डोसा बहुतेक वेळा रवा डोशाच्याच तव्यावर होतो, तोही टाळा. आणि तेल! बटाटावड्याला बेसनच असतं, पण त्याच कढईत समोसे तळलेले असतात. तळणीचं मी काहीही घेत नाही.

घाईत असाल तर साबुदाण्याची खिचडी मागा. आपल्याकडे उपवासाला धान्य चालत नाही आणि हिंगही सहसा घालत नाहीत. साबुदाणा वडा मात्र नको, कारण वर सांगितलेली कढईच.

मोठ्या साखळी हॉटेलांत अ‍ॅलर्जीचा तक्ता मागून घ्या. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्यांनी ही माहिती द्यावी, असं 2020 चे लेबलिंग नियम सांगतात. पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. बॅगेत असं एखादं पाकीट ठेवाच.

भरवशाची खानावळ सापडली की तिचा नंबर जपून ठेवा, पण दर वेळी जाण्याआधी पुन्हा फोन करा. आचारी बदलला की हिंगाची डबीही बदलते.