बोआ की बॉल पायथन: पुण्यातील घरासाठी निवड

कात्रजच्या सर्पोद्यानात दिसणारा आपला अजगर किंवा शेतात सापडणारे मांडूळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्याने घरी पाळता येत नाही. त्यामुळे इथे निवड आहे ती आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिका खंडांतील बोआ या दोन परदेशी सापांमध्ये, आणि त्यांचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रे न देणाऱ्या विक्रेत्याकडून साप घेऊ नये.

बॉल पायथन साधारणपणे ४ ते ५ फुटांपर्यंत वाढतो, तर बोआ ६ ते ८ फूट, आणि मादी कधी त्याहूनही मोठी होते. सदनिकेतील जागा पाहता मला पहिलाच अधिक सोयीचा वाटतो. मात्र तो काही वेळा महिनोन्महिने अन्न नाकारतो, आणि ही चिंता ज्यांना सोसवणार नाही, त्यांनी सहसा नियमित खाणारा बोआ निवडावा. (सापाचे खाद्य म्हणून फ्रीजरमध्ये उंदीर ठेवण्यास घरच्यांची संमती मात्र आधी घ्यावी.) पुण्यात हिवाळ्यातील रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरत असल्याने सापाच्या पेटीचे एक टोक थर्मोस्टॅटच्या (तापमान नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने सुमारे ३२ अंशांवर ठेवावे, कोरड्या एप्रिलमध्ये आर्द्रता सांभाळावी. दोन्ही साप २० वर्षांहून अधिक जगू शकतात, तेव्हा शिक्षण वा नोकरीसाठी शहर सोडावे लागल्यास त्यांना कोण सांभाळणार, हे खरेदीपूर्वीच ठरवावे.