आयआयटीच्या अर्जासाठी जातीच्या दाखल्याची फाईल अकरावीतच लावा

जेईईचा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास दोन वर्षं चालतो आणि दाखल्याची आठवण येते निकाल लागल्यावर. मग जून महिन्यात सेतूपासून प्रांत कचेरीपर्यंत पळापळ सुरू होते.

आधी एक गोष्ट पक्की करा: राज्याचा दाखला वेगळा, केंद्राचा वेगळा. आयआयटी, एनआयटीत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि ईडब्ल्यूएसला (खुल्या गटातले आर्थिकदृष्ट्या दुर्बल) १० टक्के जागा असतात. तिथे विजा (विमुक्त जाती), भज (भटक्या जमाती) असे प्रवर्ग नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी ही मुलं केंद्रात ओबीसी धरली जातात. मराठा मुलांचा २०२४ च्या कायद्याखालचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) दाखला राज्यापुरताच चालतो, त्यामुळे केंद्रासाठी ईडब्ल्यूएसचे निकष तपासावेत. दाखला मागताना 'केंद्राच्या नमुन्यात' हे शब्द स्वतःहून सांगा, नाहीतर राज्याचाच हातात पडतो.

जातीचा मूळ दाखलाच नसेल, तर जुन्या कागदापासून सुरुवात करावी लागते. ज्या तारखेआधीचं वास्तव्य आणि जात दाखवावी लागते, ती तारीख प्रवर्गानुसार बदलते: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, जमाती ६ सप्टेंबर १९५०, विजा-भज २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यू नोंद, जुने फेरफार हे सगळं शोधा. जुन्या कागदावर 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' दिसलं तर गोंधळू नका. १९०६ मध्ये खानदेशाचे हे दोन जिल्हे झाले होते. नंदुरबार जिल्हा १९९८ चा, त्याआधीचा कागद धुळे जिल्ह्याच्या नावानेच सापडेल.

खरी अडचण नोंदीतल्या शब्दांची. टोकरे कोळ्यांच्या घरात जुन्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू कोळी', तडवी भिल्लांकडे नुसतं 'तडवी' किंवा 'मुसलमान' लिहिलेलं असतं. जात पडताळणी समिती इथेच शंका काढते. एका कागदावर अडून राहू नका. वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) असेल तर ती आणि जोडणारी वंशावळ लावा. १९५० आधीची एक स्पष्ट नोंद नंतरच्या दहा नोंदींना भारी पडते. जमातीच्या प्रकरणात समितीचं दक्षता पथक घरी येऊन चालीरीती, देव, लग्नविधी विचारतं. पण ही आप्तभाव चाचणीच सर्वस्व नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे घरच्यांनी पाठ केलेली उत्तरं देऊ नयेत. माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं.

नावांचंही तसंच. वडील एका कागदावर 'पावरा', दुसऱ्यावर वेगळ्याच आडनावाने असतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा शपथपत्र आधीच करून ठेवा.

आयआयटीलाच जायचं, मग व्हॅलिडिटी कशाला, असं म्हणू नये. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत आणि मेडिकलच्या राज्य कोट्यात तीच मागतात, आणि दुसरा पर्याय हाताशी असावा. बारावीच्या कॉलेजातून पत्र घेऊन अर्ज करता येतो. बिगर-जमाती प्रकरणात नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं लागतात.

आता ओबीसींची हमखास चूक. राज्याचं नॉनक्रिमीलेयर, म्हणजे कुटुंब सधन गटात नसल्याचं प्रमाणपत्र, तीन वर्षांपर्यंतचं मिळतं, म्हणून लोक निवांत राहतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला मात्र ते प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं लागतं. ईडब्ल्यूएसचंही तसंच. कागदपत्रं मार्चमध्ये जमवा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. नोंदणीवेळी दाखला हातात नसेल तर घोषणापत्र अपलोड करता येतं, पण पुढे खरा दाखला द्यावाच लागतो.

उत्पन्नाची मर्यादा नॉनक्रिमी आणि ईडब्ल्यूएस दोन्हीकडे ८ लाख, पण मोजणी अगदी उलटी. नॉनक्रिमीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पालकांचं पद बघतात. म्हणून झेडपीच्या मास्तरचा मुलगा, पगार कितीही असला तरी, पगारामुळे बाद होत नाही. मात्र बागायत जमीन कमाल जमीनधारणेच्या मर्यादेच्या ८५ टक्के किंवा जास्त असली तर होतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी हे जरूर मोजावं. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा सगळं धरतात, आणि कुटुंबाची शेती ५ एकर किंवा जास्त असली की विषय संपला. कुटुंब म्हणजे विद्यार्थी, आई-वडील आणि १८ वर्षांखालची भावंडं; आजोबांच्या नावावरचा सातबारा त्यात येत नाही. वाटणी कागदावर झाली आहे का, हे तेवढं पाहा.

जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपाच्या, समुपदेशनात राखीव प्रवर्ग लिहिल्याने खुली जागा हुकत नाही. चांगला क्रमांक असेल तर आधी खुल्या जागेचाच विचार होतो, मगच प्रवर्गाची जागा. पसंत्या भरायला मर्यादा नाही, तेव्हा हात आखडता घेऊ नका. आयआयटीत एससी, एसटी विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. इतरांना कौटुंबिक उत्पन्न १ लाखाखाली असेल तर पूर्ण, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश. गुण थोडक्यात कमी पडलेल्या एससी-एसटी मुलांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही असतो. त्या यादीत नाव आलं तर ते घरी बसण्याचं कारण समजू नका, तो पार केला की पुढच्या वर्षी तिथूनच पदवीला प्रवेश मिळतो.