तुमच्या खासदाराने, आमदाराने सभागृहात कोणती बाजू घेतली, हे कसे शोधावे

निवडणूक जवळ आली की कार्य अहवालाची गुळगुळीत पुस्तिका घरोघरी येते. तिच्यात रस्ते असतात, समाजमंदिरे असतात, हायमास्ट दिवे असतात, भूमिपूजनाचे फोटो असतात. ज्या मुख्य कामासाठी आपण या लोकांना दिल्लीला किंवा मुंबईला पाठवतो, ते कायदे करण्याचे काम मात्र तिच्यात क्वचितच सापडते. कोणत्या विधेयकाला होकार दिला, कशाला विरोध केला, कोणत्या दिवशी सभागृहातून उठून गेले, याची एक ओळही नसते. यातले बरेचसे सार्वजनिक नोंदींत आहे आणि ते पाहण्याचा आपला हक्क आहे. अडचण एवढीच, की ते चार-पाच ठिकाणी विखुरलेले आहे, आणि काही गोष्टींची नोंद मुळात होतच नाही. त्या कोणत्या हे आधी ठाऊक असले, तर एका सुटीच्या दुपारी बरेच हाती लागते.

एक विषय निवडा, विधेयकाचे नाव शोधा

‘आमचा खासदार कसा आहे’ या प्रश्नाने सुरुवात केलीत तर वाट सापडणार नाही. तुम्हाला खरोखर जिव्हाळा असलेले एक-दोन विषय घ्या: आरक्षण, शेतमालाचे कायदे, वक्फ, नागरिकत्व, महिलांच्या जागा. मग त्या विषयावरच्या विधेयकाचे पूर्ण नाव, वर्ष आणि दोन्ही सभागृहांतल्या मतदानाच्या तारखा कागदावर लिहा. वर्तमानपत्रांतली टोपणनावे इथे उपयोगी पडत नाहीत. शिवाय विधेयकाचा क्रमांक आणि मंजुरीनंतर घटनादुरुस्तीला मिळणारा क्रमांक वेगळा असू शकतो. राज्यांना मागासवर्गांची स्वतःची यादी करण्याचा अधिकार परत देणारे २०२१ चे विधेयक १२७ व्या दुरुस्तीचे होते. ते मंजूर झाले १०५ वी घटनादुरुस्ती म्हणून.

तारखेचीही एक गंमत लक्षात ठेवा. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मतदान झाले तेव्हा मध्यरात्र उलटून ३ एप्रिल २०२५ उजाडला होता, पण बैठक २ एप्रिलची होती. त्यामुळे ते २८८ विरुद्ध २३२ असे मतदान शोधायचे ते २ एप्रिलच्या कामकाजात.

मत नोंदले गेले होते का?

इथे बहुतेकांची निराशा होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. आवाजाच्या अंदाजाने निर्णय जाहीर होतो. कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद होत नाही. एखाद्या सदस्याने निर्णयाला आव्हान देऊन मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच नावांची यादी तयार होते.

२०२० चे कृषी कायदे आठवा. देशभर आंदोलन झाले, वर्षभरानंतर कायदे मागे घ्यावे लागले. पण २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत त्यांतली दोन विधेयके प्रचंड गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते, ती झाली नाही. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यांत महाराष्ट्रातून निवडून गेलेले राजीव सातव होते. लोकसभेतही ही विधेयके आवाजी मतदानानेच गेली होती, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे रद्द करण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झाले. म्हणून ‘अमुक खासदाराने कृषी कायद्यांच्या बाजूने मत दिले’ असे कुणी छातीठोकपणे सांगितले, तर त्याच्याकडे मतांची यादी असू शकत नाही. त्या खासदाराचे भाषण, त्याच्या पक्षाची सभागृहातली भूमिका आणि हजेरी, एवढाच पुरावा मिळू शकतो. इतक्या मोठ्या कायद्यावर आपल्या प्रतिनिधीचे मत नागरिकाला कधीच कळू नये, हे मला मनापासून चुकीचे वाटते.

याउलट घटनादुरुस्तीच्या विधेयकावर मते मोजावीच लागतात, कारण राज्यघटनेच्या ३६८ व्या कलमानुसार एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यामुळे नवख्याने सुरुवात घटनादुरुस्त्यांपासून करावी. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाचे विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी, तर महिला आरक्षणाचे २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. यांची यादी हमखास सापडते.

यादी वाचण्याची रीत

संसदेच्या ‘डिजिटल संसद’ या संकेतस्थळावर लोकसभा आणि राज्यसभा असे दोन भाग आहेत. हव्या त्या सभागृहात जाऊन कामकाजाच्या किंवा चर्चांच्या विभागात तारीख निवडा. त्या दिवसाच्या शब्दशः वृत्तांतात मतविभागणी जिथे झाली, तिथेच ‘होय’ आणि ‘नाही’ या गटांत सदस्यांची नावे छापलेली असतात. फाइल मोठी असते. त्यामुळे आडनावाने शोध घ्या आणि इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन पर्याय करून पाहा. जुन्या लोकसभांच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात.

पहिल्या आकड्यावर विसंबू नका. ‘एक देश, एक निवडणूक’चे विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा यंत्रावर आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा दिसला. चिठ्ठ्यांवरची मते धरून अंतिम निकाल २६९ विरुद्ध १९८ झाला. हे मतदान विधेयक मांडू द्यावे की नाही यापुरतेच होते. मांडणीला पाठिंबा, एखाद्या दुरुस्तीला पाठिंबा आणि विधेयकाला अंतिम पाठिंबा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समाजमाध्यमांवरची चित्रे त्यांची सर्रास सरमिसळ करतात.

नाव दोन्ही यादींत नसेल तर तिथेच थांबू नका. सदस्य गैरहजर होता, तटस्थ राहिला, की पक्षासोबत सभात्याग करून गेला, हे पाहा. यातली प्रत्येक कृती वेगळी आहे. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या वेळी शिवसेनेच्या खासदारांनी ९ डिसेंबर २०१९ च्या बैठकीत लोकसभेत बाजूने मत दिले, आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत पक्षाच्या सदस्यांनी मतदानात भागच घेतला नाही. महाराष्ट्रात महाविकास आघाडीचे सरकार येऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. लोकसभेची यादी एकटी पाहिली तर एक पक्ष दिसतो, राज्यसभेची पाहिली तर दुसरा. तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या तरच काय घडले ते कळते.

मतामागचे कारणही नोंदवा. महिला आरक्षणाच्या विरोधातली ती दोन मते असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. त्यांचा आक्षेप इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही, हा होता. तुम्हाला तो पटेल किंवा पटणार नाही, पण ‘महिलांच्या विरोधात मत दिले’ असे एका ओळीत लिहून टाकणे अन्यायाचे ठरेल.

व्हिप कुणाचा, मत कुणाचे

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाने बजावलेल्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसे द्यावे याच्या पक्षादेशाविरुद्ध, मत दिले किंवा तटस्थ राहिले, आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे यादीतले मत बहुतेक वेळा पक्षाचे असते. त्या मताची जबाबदारी सदस्यावर असतेच, पण दोन एकाच पक्षाच्या खासदारांमधला फरक त्यातून कळत नाही. तो फरक शोधायचा तर व्हिपचा हात जिथे सहसा पोहोचत नाही, तिथे जावे लागते.

पहिली जागा म्हणजे प्रश्न. सदस्याच्या पानावर त्याने विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे मिळतात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. पूरक प्रश्न जरूर वाचा, सदस्याचा अभ्यास तिथे उघडा पडतो. प्रश्नांची नुसती संख्या मोजून मात्र कुणाला डोक्यावर घेऊ नका. एकाच प्रश्नावर अनेकांची नावे असतात, आणि २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती, हेही विसरू नका. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या ‘पीआरएस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न आणि चर्चांतला सहभाग एका पानावर मिळतो. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, म्हणून तुमचा खासदार मंत्री असेल तर त्या पानावरून त्याला आळशी ठरवू नका.

दुसरी जागा समित्यांची. मला स्वतःला ही सगळ्यांत मोलाची वाटते. खात्यांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे बोलण्यात आवेश कमी आणि तपशील जास्त असतो. तुमचा खासदार कोणत्या समितीत आहे ते पाहा, समितीचा अहवाल उघडा आणि शेवटची पाने वाचा. बैठकांची इतिवृत्ते तिथे असतात आणि कोण हजर होते ते कळते. अहवालाशी असहमत सदस्यांच्या भिन्नमत टिपण्याही अनेकदा तिथेच जोडलेल्या असतात. विधेयक संयुक्त समितीकडे गेले असेल, जसे वक्फचे गेले होते, तर या टिपण्या भाषणांपेक्षा कितीतरी नेमक्या असतात.

तिसरी जागा म्हणजे दुरुस्त्या आणि अशासकीय विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली विधेयके. १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही, तरी सदस्याला मनातून काय हवे आहे ते त्यातून दिसते. एकमताने मंजूर झालेल्या विधेयकांत तर हीच वाट उरते. वर सांगितलेली १०५ वी घटनादुरुस्ती लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य मतांनी गेली. यादीवरून सगळे सारखेच. पण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा उठवा, असा आग्रह कोणी धरला आणि कोण त्यावर गप्प राहिले, हे चर्चेत दिसते, आणि मराठा आरक्षणाच्या वादात नेमका तोच प्रश्न कळीचा होता.

आमदारांचे काय?

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाची पत्रिका, विधेयके, तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या) मिळतात, आणि बरेचसे मराठीत असल्याने वाचायला सोपे जाते. नावानिशी मतदान मात्र संसदेपेक्षाही दुर्मीळ. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावासारखा प्रसंग असेल तर शिरगणती होते. तेव्हा एकनाथ शिंदे सरकारला १६४ विरुद्ध ९९ मते मिळाली, आणि अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासह काही आमदार उशिरा पोचल्याने मतदान करू शकले नाहीत. त्या काळाच्या नोंदी वाचताना एक निकाल हाताशी ठेवा: व्हिप नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, केवळ विधिमंडळातल्या गटाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सांगितले.

सभागृहातले वागणे आणि बाहेरचे बोलणे ताडून पाहायचे असेल तर कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध म्हणून राज्य सरकारने आणलेले जनसुरक्षा विधेयक घ्या. १० जुलै २०२५ रोजी ते विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, आणि त्यानंतर रस्त्यावर या कायद्याविरुद्ध आंदोलने झाली. तुमचा आमदार विरोधी बाकांवरचा असेल, तर १० जुलैला तो सभागृहात काय बोलला, हे त्याच्या नंतरच्या भाषणांच्या शेजारी ठेवून वाचा. सत्ताधारी असेल, तर विधेयकातल्या आक्षेपांना त्याने कुठे आणि काय उत्तर दिले ते शोधा.

संकेतस्थळावर एखाद्या दिवसाचा वृत्तांत मिळालाच नाही, तर विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. दिनांक, सभागृह आणि विधेयकाचे नाव नेमके लिहा. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे.

वही करा आणि पत्र लिहा

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा: तारीख, विषय, बाहेर काय म्हटले, सभागृहात काय केले, दिलेले कारण. बाहेरच्या बोलण्यासाठी संपूर्ण भाषणाची चित्रफीत घ्या, तीस सेकंदांचा तुकडा घेऊ नका. पोस्ट पुसल्या जातात, म्हणून तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. भूमिका बदललेली दिसली तर लगेच ढोंगी म्हणू नका. मधल्या काळात विधेयकात दुरुस्ती झाली असेल, न्यायालयाचा निकाल आला असेल, पक्ष बदलला असेल. तेही त्याच रांगेत लिहा. ज्याला तुम्ही मत दिले त्याच्यासाठीही आणि ज्याला दिले नाही त्याच्यासाठीही रकाने तेच ठेवा.

मग पत्र लिहा. खासदारांचे पत्ते आणि ईमेल ‘डिजिटल संसद’वर त्यांच्या पानावर असतात. पत्रात एकच विधेयक, एकच तारीख आणि एकच प्रश्न ठेवा: ‘अमुक दिवशी आपण मतदानाला हजर नव्हता, विधेयकावर आपली भूमिका काय होती?’ असा प्रश्न टाळायला अवघड असतो. अधिवेशन सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी लिहिलेत तर आणखी चांगले, कारण प्रश्नांच्या सूचना त्या सुमारास दिल्या जातात आणि तुमचा मुद्दा प्रश्न म्हणून सभागृहात जाण्याची शक्यता राहते. उत्तर आले तर त्याची प्रत वहीत लावा. नाही आले तर पत्राची तारीख लिहून तो रकाना रिकामा ठेवा, आणि पुढच्या सभेत ती वही सोबत घेऊन जा.